सतरा जणांसाठी लिहिताना

जॅझ रचनाकार ड्यूक एलिंग्टनच्या बँडचे हस्तलिखित कागद वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहात जपून ठेवले आहेत. त्यांतल्या पुष्कळ कागदांच्या माथ्यावर वाद्याचं नाव नसून माणसाचं नाव आहे, तेही बरेचदा टोपणनाव. 'कूटी' म्हणजे ट्रम्पेट वाजवणारा कूटी विल्यम्स, 'रॅब' म्हणजे आल्टो सॅक्सोफोनवाला जॉनी हॉजेस, 'ट्रिकी' म्हणजे ट्रॉम्बोनवाला ज्यो नँटन. बॅरिटोन सॅक्सोफोनवर हॅरी कार्नी १९२७ साली बसला तो थेट १९७४ पर्यंत, एलिंग्टन गेला तोवर. बॅरिटोनला सहसा कॉर्डचा पायाचा सूर देतात. एलिंग्टन कार्नीला अनेकदा मधलाच एखादा टोचणारा सूर द्यायचा, कारण तो सूर कार्नीच्या श्वासातून कसा येईल हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी वाजवला असता तर तोच सूर कदाचित खटकला असता.

टेक्सासमधल्या डेंटनच्या विद्यापीठात मी जॅझ कॉम्पोझिशन घेऊन मास्टर्स केलं. तिथे हार्मनीची, काउंटरपॉइंटची, ऑर्केस्ट्रेशनची जाडजूड पुस्तकं वाचली, ती उपयोगीही पडली. पण कॉम्पोझिशनच्या पहिल्या तासाला सरांनी माझा स्कोर हातात घेतला, न उघडताच टेबलावर ठेवला आणि विचारलं, "यातला सेकंड टेनर कोण वाजवणार आहे?" बँड मी अजून ऐकलाच नव्हता. सर म्हणाले, मग आधी रिहर्सलला जाऊन बस, कोण कसा वाजवतो ते लिहून आण, स्कोर नंतर बघू. पुढचे काही दिवस मी, बँडची रिहर्सल जिथे चालायची त्या केंटन हॉलच्या मागच्या रांगेत वही घेऊन बसले. कोणाचा आवाज वरच्या सुरांत पातळ होतो, कोण ब्रशने ड्रम वाजवताना सगळ्यात आनंदी दिसतो, कोण दुसऱ्याचा सोलो चालू असताना मान खाली घालून ऐकतो, असं सगळं टिपत गेले. त्या वहीला मी आजही सर्वांत मोलाचं पाठ्यपुस्तक मानते.

डेंटन हे डॅलस आणि फोर्ट वर्थच्या उत्तरेचं गाव. मध्यभागी जुनं कोर्टहाउस, त्याच्या चारी बाजूंनी दुकानं, आणि उन्हाळा असा की विदर्भातल्या माणसालाही तो ओळखीचा वाटावा. या गावातल्या कॉलेजात १९४७ साली अमेरिकेतला जॅझचा पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. जीन हॉल या तरुण प्राध्यापकाने तो आखला. त्या काळी कॉलेजच्या कागदपत्रांत 'जॅझ' हा शब्द चालण्यासारखा नव्हता, म्हणून अभ्यासक्रमाचं नाव ठेवलं 'डान्स बँड'. तिथल्या बँडना आजही 'लॅब बँड' म्हणतात आणि ते ज्या तासाला बसतात त्यावरून त्यांची नावं पडली आहेत. एक वाजताचा बँड सर्वांत वरचा, मग दोन वाजताचा, तीन वाजताचा, असे खाली. लॅब हे नाव शोभेचं नाही. लिहिणाऱ्याने लिहायचं, बँडने वाजवायचं, लिहिणाऱ्याने ऐकायचं आणि पुन्हा लिहायचं, हीच ती प्रयोगशाळा.

जॅझ विद्यापीठात शिकवायची गोष्ट आहे का, असं मला आजही विचारतात. विचारणाऱ्यांचा रोख मला कळतो. हे संगीत न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यांवर, कॅन्सस सिटीच्या रात्रभर चालणाऱ्या क्लबांत, हार्लेमच्या डान्स हॉलमध्ये वाढलं. पण लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर उत्तर वेगळं येतं. एलिंग्टन, फ्लेचर हेंडरसन, मेरी लू विल्यम्स यांच्याजवळ एक असा बँड होता जो रोज वाजवायचा. मेरी लू विल्यम्स अँडी कर्कच्या बँडमध्ये पियानो वाजवायची आणि त्याच बँडसाठी लिहायची. आज लिहिलेलं उद्या ऐकायला मिळायचं, परवा दुरुस्त व्हायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही व्यवस्था कोसळली. वादक सैन्यात गेले, पेट्रोल आणि टायर मिळेनासे झाले, १९४२ ते १९४४ वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर बंदी घातली, आणि १९४४ पासून नाच-गाणं असलेल्या ठिकाणांवर जबर कर बसला. १९४६ च्या अखेरीस बेनी गुडमन, वुडी हर्मन, हॅरी जेम्स, टॉमी डॉर्सी यांनी पाठोपाठ आपापले बँड मोडले. आणि पुढच्याच वर्षी डेंटनचा अभ्यासक्रम सुरू झाला. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. लिहिणाऱ्याचा रोजचा बँड बाजारातून गेला आणि त्याला दुसरं घर कुठेतरी मिळणं भागच होतं. एलिंग्टनने मात्र बँड मोडला नाही. स्वतःच्या गाण्यांच्या रॉयल्टीचे पैसे घालून तो बँड पोसत राहिला, कारण लिहिलेलं लगेच ऐकायला मिळणं ही त्याची गरज होती.

मला ही गोष्ट इतकी जिव्हाळ्याची वाटते त्याला माझं मुंबईतलं काम कारण आहे. डेंटनला जाण्याआधी मी मालिका आणि सिनेमांच्या पार्श्वसंगीतासाठी अरेंजिंग करत होते. व्हायोलिनचा ताफा संगणकात, ट्रम्पेट संगणकात, ढोलसुद्धा संगणकात. एखादा बासरीवाला किंवा सारंगीवाला तेवढा प्रत्यक्ष यायचा, काचेपलीकडे एकटा बसून हेडफोन लावून वाजवायचा आणि निघून जायचा. ज्यांच्याकडे मी स्टाफ नोटेशन शिकले ते बांद्र्याचे गोवेकर सर जुन्या स्टुडिओंमध्ये व्हायोलिन वाजवत. साठ-साठ, सत्तर-सत्तर माणसं एका खोलीत बसून एका टेकमध्ये गाणं वाजवत, तेव्हाच्या गोष्टी ते सांगायचे. कॉपिस्टने रात्री जागून पार्ट, म्हणजे प्रत्येक वादकाचे वेगळे कागद, लिहायचे आणि सकाळी नऊ वाजता सगळ्यांनी ते पहिल्यांदा पाहून वाजवायचे. सिबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनसाठी जे लिहिलं, ते अशा खोल्यांत ऐकत ऐकत लिहिलेलं आहे. आणि त्यामागे जॅझ होताच. १९३० च्या दशकात लिऑन अॅबी, टेडी वेदरफर्ड असे अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागले, आणि गोव्याहून आलेले वादक त्यांच्याबरोबर, त्यांच्यासारखं वाजवू लागले. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' नावाने ट्रम्पेट वाजवायचा. हाच चिक पुढे आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचा, म्हणजे सी. रामचंद्रांचा, साहाय्यक झाला. 'अलबेला' (१९५१) मधल्या गाण्यांत जो ब्रासचा झणका आहे तो असा आला. माझ्या पिढीच्या वाट्याला ती खोली आली नाही. सतरा माणसं एकाच वेळी श्वास घेतात तेव्हा पहिल्या सुराच्या आधी खोलीत काय होतं, हे मी डेंटनमध्ये पहिल्यांदा अनुभवलं.

बिग बँडचं गणित साधारण असं असतं. पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, आणि पियानो, गिटार, बास, ड्रम. आल्टोवाल्याने कागदावरचा 'सी' वाजवला की ऐकू येतो 'ई-फ्लॅट'. ट्रम्पेटवाल्याचा 'सी' म्हणजे पियानोचा 'बी-फ्लॅट'. ही भाषांतरं काही महिन्यांत अंगवळणी पडतात. अवघड असतं ते सुरांची मांडणी, ज्याला व्हॉइसिंग म्हणतात. कॉर्डचे चार सूर एकमेकांना चिकटवून लिहिले तर एक घट्ट, उजळ आवाज येतो. त्यातला वरून दुसरा सूर एक सप्तक खाली टाकला की तोच आवाज मोकळा होतो, अंग पसरतो. खालच्या सप्तकात दोन सूर जवळ ठेवले की गढूळ होतात, तिथे पंचमाइतकं तरी अंतर हवं. हे नियम पुस्तकात आहेत. रेबर्न राइट यांचं 'इनसाइड द स्कोर' (१९८२) हे आमच्याकडे जवळजवळ पाठ करायचं पुस्तक होतं. सॅमी नेस्टिको, थॅड जोन्स आणि बॉब ब्रुकमायर या तिघांच्या आठ रचना त्यात सूर-सूर उलगडल्या आहेत. थॅड जोन्सच्या कॉर्डमध्ये जिथे पुस्तकी नियमाने टक्कर व्हायला हवी तिथे तो मुद्दाम टक्कर ठेवतो आणि वरच्या ट्रम्पेटला असा निर्मळ सूर देतो की खालची टक्कर चमक होऊन वर येते. हे वाचून समजतं, पण पटतं ते ऐकल्यावरच.

'मूड इंडिगो'चा धडा मला फार आवडतो. एलिंग्टनची ही रचना १९३० ची. तीन वाद्यं, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि क्लॅरिनेट. कोणीही शहाणा माणूस क्लॅरिनेट वर ठेवील, मध्ये ट्रम्पेट आणि खाली ट्रॉम्बोन. एलिंग्टनने क्लॅरिनेटला तळाशी नेऊन बसवलं. वर म्यूट लावलेला ट्रम्पेट, त्याला जवळजवळ खेटून म्यूट लावलेला ट्रॉम्बोन, तोही त्याच्या वरच्या टोकाला, आणि बऱ्याच खाली क्लॅरिनेटचा तो जाड, लाकडी आवाज. वर्गात आम्ही हेच सूर दोन्ही पद्धतींनी तिघांकडून वाजवून घेतले. शहाण्या पद्धतीने वाजवल्यावर एक छान, नीटनेटकी चाल ऐकू आली. एलिंग्टनच्या पद्धतीने वाजवल्यावर खोलीत चौथंच एखादं वाद्य आहे असं वाटलं. ट्रॉम्बोनवाला उंच सुरावर हळू वाजवताना थोडा ताणात असतो, तो ताण त्या रंगात मिसळतो. सूर तेच, कॉर्ड तीच. माणूस आपल्या वाद्यावर आरामात आहे की कडेला उभा आहे, हाही लिहिणाऱ्याच्या हातातला एक रंग आहे, हे मला त्या दुपारी कानांनी कळलं.

श्वासाचंही तसंच. संगणकातला ट्रम्पेट दमत नाही. खरा लीड ट्रम्पेटवाला वरच्या पट्टीत काही बार वाजवला की त्याच्या ओठांत रक्त परत यायला वेळ लागतो. मग त्याला विश्रांती कधी द्यायची, हा रचनेचाच प्रश्न होतो. त्या विश्रांतीच्या काळात सॅक्सोफोननी काय सांगायचं, त्यातून पुढची गोष्ट कशी निघते, असं करत करत कितीतरी वेळा माझ्या रचनेचा आराखडा वादकांच्या शरीरानेच ठरवला आहे. पार्ट लिहिण्याबाबत तर डेंटनचे सर कमालीचे काटेकोर होते. ओळीला शक्यतो चार बार, म्हणजे वादकाला रचनेची घडण डोळ्यांनी दिसते. पान उलटायची जागा विश्रांतीत यायला हवी. दीर्घ विश्रांतीनंतर आत येताना आधी कोण काय वाजवतंय याची बारीक अक्षरांत खूण हवी. वादकाला हात वर करून प्रश्न विचारावा लागला तर सतरा जणांची मिनिटं जातात. बांद्र्याच्या सरांच्या हस्ताक्षरातले जुने पार्ट मी पाहिले होते, त्यांत हेच सगळं होतं. कोणी त्यांना शिकवलं असेल ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते, ती म्हणजे सोलो. जॅझ लिहिणाऱ्यापुढचा सर्वांत मोठा प्रश्न हा, की दुसऱ्या माणसाला जिथे मनाने वाजवायचं आहे तिथे मी काय लिहायचं? साध्या चार्टमध्ये उत्तर साधं असतं. चाल वाजवा, मग सोलो, मग पुन्हा चाल. बॉब ब्रुकमायर आपल्या विद्यार्थ्यांना सांगायचा की आता दुसरं काहीच घडू शकत नाही अशी वेळ येईपर्यंत पहिला सोलो येऊ द्यायचा नाही. ऐकायला हे सोलोच्या विरुद्ध वाटतं. मला मात्र तो सोलोचा सर्वांत मोठा सन्मान वाटतो. रचना अशा टोकाला यायला हवी की तिथून पुढे लिहिलेल्या सुराने जाता येत नाही, जिवंत माणूसच लागतो.

एक उदाहरण जरा जवळून सांगते. मी बँडमधल्या एका टेनरवाल्यासाठी संथ लयीतली रचना लिहिली. तो ओक्लाहोमाचा, बोलायला अबोल, आणि वाजवतानाही तसाच. एक वाक्य वाजवायचा आणि दोन बार गप्प राहायचा. त्याच्या त्या गप्प राहण्यासाठीच मी लिहिलं. त्याच्या सोलोखाली कप म्यूट लावलेले तीन ट्रॉम्बोन आणि बास क्लॅरिनेट यांना दोनच कॉर्ड दिल्या, लांब, अगदी हळू. पण त्या कुठे यायच्या हे कागदावर बारने ठरवलं नाही. सोलोचा भाग उघडा ठेवला, हव्या तितक्या वेळा फिरण्यासाठी, आणि ट्रॉम्बोनच्या कागदावर लिहिलं की खूण झाली की या. खूण करायची समोर उभ्या असलेल्या माणसाने, मूठ वर करून. रिहर्सलमध्ये काय झालं ते मला अजून लख्ख आठवतं. टेनरवाल्याने वाक्य संपवलं, थांबला. मूठ वर झाली, ट्रॉम्बोन आले. त्याने डोळे उघडले, त्या कॉर्डमधला मधला सूर उचलला आणि तिथूनच पुढचं वाक्य सुरू केलं. तो सूर मी लिहिला होता, पण त्याच्यासाठी नाही. ते वाक्य त्याचं होतं, पण माझ्या सुराशिवाय ते तसं निघालं नसतं. काही दिवसांनी तो आजारी पडला आणि दुसरा एक टेनरवाला बसला, उत्तम वाजवणारा, आवेगाने बोलणारा, जागा न सोडणारा. त्याच्या सोलोत समोरच्या माणसाने मूठ वर केलीच नाही. ट्रॉम्बोन मांडीवर वाद्यं ठेवून ऐकत बसले. रचना वेगळी झाली आणि तीही खरी होती.

थॅड जोन्स हे सगळं हातांनी करायचा. फेब्रुवारी १९६६ पासून न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हँगार्डमध्ये दर सोमवारी त्याचा आणि मेल लुइसचा बँड वाजायचा. जोन्स समोर उभा राहून एका इशाऱ्याने ऱ्हिदम सेक्शन बंद करायचा, सोलोवाल्याला एकटा सोडायचा, मग दुसऱ्या इशाऱ्याने सगळं परत आणायचा. स्वतःच लिहिलेली रचना तो रात्री लोकांसमोर पुन्हा लिहीत होता. आपल्याकडच्या बैठकीत वाढलेल्या कानाला यात परकं काही वाटत नाही.

रिकाम्या वेळी मी संगीत ग्रंथालयात जात असे. १९७९ साली स्टॅन केंटन गेला तेव्हा त्याने आपल्या बँडची सगळी लिखित सामग्री या विद्यापीठाला देऊन टाकली. त्यात बॉब ग्रेटिंगरच्या 'सिटी ऑफ ग्लास'सारख्या रचना आहेत, आजही अंगावर येणाऱ्या. ग्रेटिंगर आधी आलेखाच्या कागदावर रंगांनी रचना आखायचा आणि प्रत्येक वादकाचा वेगळा धागा चालवायचा. याच ग्रंथालयात विलिस कॉनोव्हरचा संग्रह आहे. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर १९५५ पासून तो जॅझचा कार्यक्रम करायचा, सावकाश, खर्जातल्या आवाजात, म्हणजे इंग्रजी कच्चं असलेल्यालाही कळावं. बांद्र्याचे सर तरुणपणी शॉर्टवेव्हवर हाच आवाज ऐकत आणि ऐकता ऐकता सूर लिहून काढत. त्या संग्रहाच्या खोक्यांची यादी चाळताना मला त्यांना फोन करून सगळं वाचून दाखवावंसं वाटलं, आणि मी दाखवलंही.

याच विद्यापीठाबद्दल आणखी एक गोष्ट आहे, ती झाकून ठेवणं मला जमणार नाही. १९४७ साली जॅझचा पहिला अभ्यासक्रम इथे सुरू झाला तेव्हा हे कॉलेज फक्त गोऱ्यांसाठी होतं. पदवीच्या वर्गात पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी आली ती १९५६ मध्ये. म्हणजे ज्यांनी हे संगीत घडवलं त्यांच्या मुलांना ते शिकायला इथे नऊ वर्षं दार बंद होतं. एलिंग्टन स्वतः अर्ज घेऊन आला असता तरी त्याला प्रवेश मिळाला नसता. प्रयोगशाळेने लिहिणाऱ्यांना काय दिलं हे मी मनापासून सांगते, त्याच मनाने हेही सांगते. वर्गात या विषयावर जे बोललं गेलं ते मला अपुरं वाटलं. मेरी लू विल्यम्सच्या 'झोडियाक स्वीट'वर आणि ट्रॉम्बोनवादक मेल्बा लिस्टनने रँडी वेस्टनसाठी केलेल्या अरेंजमेंट्सवर मी सेमिनार घेतला, त्याचं कारण हेच होतं.

भारतातून आलेली मुलगी म्हटल्यावर तिने राग घेऊन लिहावं, अशी एक प्रेमळ अपेक्षा सगळ्यांची असते. मला ते सुरुवातीला करावंसं वाटेना. रागातल्या सुराला कॉर्डच्या खांबाला बांधलं की त्याची चाल जाते. मारव्यातला कोमल रिषभ हा कॉर्डमधला एक सूर म्हणून लिहिला तर तो मारव्याचा राहत नाही. वाट दाखवली ती तोशिको अकियोशीने. मांचुरियात जन्मलेली ही जपानी पियानोवादक १९५६ मध्ये बर्कली संगीतशाळेत शिकायला आली आणि १९७३ मध्ये ल्यू तबाकिनबरोबर तिने स्वतःचा बिग बँड उभा केला. १९७४ साली एलिंग्टन गेल्यावर त्याच्याविषयीचा एक लेख तिने वाचला. तो आपल्या लोकांचं संगीत किती अभिमानाने लिहायचा, हे त्यात होतं, आणि त्यावरून ती स्वतःच्या वारशाकडे अधिकच वळली. तिच्या 'कोगुन'मध्ये नोह नाट्याचे आवाज आहेत, पण ते बँडमध्ये विरघळवलेले नाहीत. ते आपल्या जागी उभे राहतात आणि बँड त्यांच्याभोवती वाजतो. त्याआधी १९६४ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये डॉन एलिसने हरिहर राव यांच्याकडे ताल शिकून त्यांच्याबरोबर 'हिंदुस्तानी जॅझ सेक्स्टेट' काढला होता. पुढे त्याने एकोणीस मात्रांची रचना लिहिली आणि तिला नाव म्हणून तिची मोजणीच दिली.

मी राग सोडला आणि तिहाई घेतली. चार-चार मात्रांचे चार बार म्हणजे सोळा मात्रा, आणि सतरावी मात्रा सम. पाच आघातांचा तुकडा, मग एक मात्रा दम, पुन्हा पाच, पुन्हा एक दम, पुन्हा पाच. शेवटचा आघात बरोबर समेवर पडतो. पहिला तुकडा ट्रॉम्बोनना दिला, दुसरा सॅक्सोफोनना, तिसरा सगळ्या ब्रासला. वाचणारे इतके तरबेज होते की पहिल्याच वाचनात एकही आघात चुकला नाही, तरी ते तिहाईसारखं वाजेना. सगळे बार मोजत होते, समेकडे कोणी निघालंच नव्हतं. मग मी कागद बाजूला ठेवायला सांगितले, हातावर टाळी देत बोल म्हटले, आणि सर्वांना म्हणायला लावले. ड्रमवाला पहिल्यांदा हसला, म्हणजे त्याला सापडलं. त्याने माझ्या कागदावरचे सगळे आघात सोडून दिले, ठेका तसाच चालू ठेवला आणि फक्त समेवर झांज मारली. त्याच्या पार्टवरून मी बाकीच्या खुणा खोडून टाकल्या. छापील प्रतीत आज त्या जागी नुसत्या तिरक्या रेघा आहेत आणि समेवर एक खूण.

हे शिक्षण महाग आहे. मला असिस्टंटशिप मिळाली, पदवीच्या मुलांना अरेंजिंगची मुळाक्षरं शिकवायचं काम होतं, त्यातून फी बरीचशी निभावली. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांहून जास्त काम करता येत नाही, तेही कॅम्पसवरच. शहरातल्या क्लबात पैसे घेऊन वाजवणं, लिहिणं बंद. माझ्याबरोबरची एक गुणी मुलगी पैशांपायी मध्येच परत गेली. रोजच्या बँडचं घर विद्यापीठात आलं खरं, पण त्या घराचं भाडं फार थोड्यांना परवडतं, आणि त्यामुळे कोण लिहितं, कोणाच्या आयुष्यातून लिहिलं जातं, हेही ठरतं. या प्रश्नाला मला उत्तर सापडलेलं नाही, पण त्यावर मला राग येतो आणि तो येत राहावा असं वाटतं.

परत आल्यावर मी मुंबईत महिन्यातून एकदा वाचनाची बैठक घेते. पश्चिम उपनगरातल्या एका शाळेचा हॉल रविवारी सकाळी मिळतो. सतरा जण जमत नाहीत, ब्रास वाजवणारे तर फारच थोडे, म्हणून नऊ जणांसाठी लिहिते. त्यालाही पूर्वज आहे. १९४९-५० मध्ये माइल्स डेव्हिसच्या नावाने ज्या नऊ जणांनी रेकॉर्डिंग केलं त्यांच्यासाठी गिल एव्हन्स आणि जेरी मलिगन यांनी नेमका हाच हिशोब मांडला होता, की मोठ्या बँडचा रंग कमीत कमी किती माणसांत येईल. त्यांच्याकडे फ्रेंच हॉर्न आणि ट्यूबा होते. आमच्याकडे नौदलाच्या बँडमधून निवृत्त झालेले एक युफोनियमवाले काका आहेत, चर्चमध्ये वाजवणारी दोन भावंडं ट्रम्पेटवर, आणि वरातीच्या बँडमध्ये वाजवत मोठा झालेला एक क्लॅरिनेटवाला, ज्याला नोटेशन येत नव्हतं आणि आता बऱ्यापैकी येतं. नियम एकच, कोणीही लिहून आणावं आणि ते त्याच दिवशी वाजवलं जाईल. फी नाही. गेल्या वेळी एका विशीतल्या मुलाने नऊ पार्ट हाताने लिहून आणले होते. मी विचारलं, युफोनियमचा हा सूर काकांना एवढा उंच का दिला? तो म्हणाला, ते तिथे हळू वाजवतात तेव्हा आवाज थोडा थरथरतो, मला तो हवा आहे. काकांनी कागद डोळ्यांजवळ धरला, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, वाजवून बघू. दोनदा वाजवलं. दुसऱ्यांदा त्या मुलाने ट्रम्पेटना म्यूट लावायला सांगितलं. पुढच्या महिन्यात तो दुसरा भाग आणणार आहे, आणि त्यात बास क्लॅरिनेट हवाच म्हणतो. सध्या आम्ही सगळे बास क्लॅरिनेट वाजवणारं कोणी सापडतं का, ते शोधतो आहोत.